पळाटी पेटवायची की प्लास्टिकमध्ये घालायची?

बांधावरून

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

आमचं गाव सेलू तालुक्यात. विहिरीवर ठिबक, सहा एकर कापूस. फेब्रुवारी लागला की दरसालचा एकच घोर. शेवटची वेचणी झाली की गुलाबी बोंडअळीच्या धाकानं फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढं ठेवणं) ठेवायची नाही, म्हणून चिमटा लावून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं (हीच पळाटी), उपटायची आणि बांधावर ढीग घालायचा. थोड्या पळाट्या आईच्या चुलीला. थोड्या वीटभट्टीवाला नेतो, म्हणजे त्याच्या मनात आलं तर. बाकीच्या एखाद्या संध्याकाळी काडी लावून मोकळं व्हायचं. मागच्या साली त्या जाळात बांधावरची बाभूळ होरपळली, आई महिनाभर बोलली नाही.

तर झालं असं, बहिणीचा पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या प्रोजेक्टचं नाव दोन ओळींचं आहे. सार एवढंच, की शेतातल्या काडीकचऱ्यातून वाख (दोरीला लागतात तसले तंतू) काढायचा, तो प्लास्टिकमध्ये घालायचा, म्हणजे प्लास्टिक दणकट होतं. कॉलेजातून तळहाताएवढा तुकडा घेऊन आला होता. लाकूड म्हणावं तर गुळगुळीत, प्लास्टिक म्हणावं तर कडेला बारीक दोरे दिसतात. मी दाताखाली धरून बघितला (हसू नका), लाकडासारखाच करकरला. भाचा म्हणतो, मामा, गाड्यांच्या दाराची आतली बाजू असल्याच मालाची करतात, पळाट्या जाळू नका, दोन वर्षं थांबा.

दोन वर्षं थांबायला बांधावर जागा नाही. म्हणून विचारतो, हे खरंच होतं का? आणि होत असेल तर पळाट्या कुणी विकत घेईल का? जाणकारांनी सांगावं.

खोडवा

आधी भाच्याला एक एकर पऱ्हाटी उपटाय लावा. मजबुती कशाला म्हणतेत ते कंबरंला आपोआप कळतंय.

गोदाकाठची_मी

वाचतेय. केळीच्या खांबाचं पण सांगा कुणीतरी. आमच्याकडं अर्धापूरला घड उतरला की खांब तसाच आडवा पडलेला असतो.

वाळूज_शिफ्ट_बी

होतं. मी वाळूजला मोल्डिंगच्या मशीनवर एकोणीस वर्षं आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं ट्रायलला दाणे पाठवले होते, पीपीत (पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकात) ३० टक्के ताग मिसळलेले. पळाटी नव्हती, पण जात तीच.

पहिल्या दिवशी आम्ही नेहमीसारखे पोतं फोडून दाणे हॉपरमध्ये ओतले. पहिले वीस पीस बाहेर आले ते बघून सुपरवायझरनं कपाळाला हात लावला. अंगभर चंदेरी रेघा, जागोजागी फोड, आणि शेडमध्ये गुळाचा पाक करपावा तसा वास. वाखात मुरलेलं पाणी. काडी कितीही खडखडीत वाळलेली दिसू दे, हवेतली आठ-दहा टक्के ओल ती धरूनच असते. बॅरलमध्ये त्याची वाफ होते आणि ती पीसमध्ये अडकते. दुसऱ्या दिवशी दाणे ड्रायरमध्ये चार तास ठेवले, मग रेघा गेल्या.

वास जायला तापमान उतरवावं लागलं. पीपी १६५ अंशांच्या आसपास वितळतं, वाख २०० च्या पुढं करपायला लागतो. मधल्या तीस-पस्तीस अंशांच्या बोळातून तुमची बैलगाडी न्यायची. थोडी घासली की माल तपकिरी.

चांगलं काय, तर पीस हलका. काचेच्या तंतूची घनता २.५ च्या वर, तागाची १.४ च्या आसपास. आणि काच भरलेला माल हाताळला की रात्रभर मनगटं खाजतात, याला तसलं काही नाही. ट्रायल पुढं सरकली नाही. का, ते आम्हाला कोण सांगणार?

भुईनळा

मग पाण्याच्या बाटल्या वितळवून त्यात पळाटी घातली तर? गावाच्या हागणदारीमुक्त ओढ्यात बाटल्यांचा तोटा नाही.

वाळूज_शिफ्ट_बी

@भुईनळा, बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची. ती वितळायला २५० अंश लागतात. तोवर पळाटीचा कोळसा. झाकणं मात्र चालतील, ती पीपीची किंवा एचडीपीईची (दाट पॉलिथीनची) असतात.

भुईनळा

म्हणजे ओढाभर बाटल्यांतून ओंजळभर झाकणं. बरं.

तंतुवाद्य

नांदेडला टेक्स्टाइल शिकले, पुढं काही वर्षं शिकवलंही. जरा लांबण लागेल.

बांधावरून दादा, पळाटी म्हणजे एक वस्तू समजू नका. ओली पऱ्हाटी मोडली की ती तुटत नाही, साल लोंबकळत राहते ना? ती साल म्हणजे वाख. आतला पांढरा गाभा म्हणजे हलकं लाकूड. दोन्हींत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हेच तीन घटक, पण मांडणी वेगळी. सालीत सेल्युलोजचे लांब तंतू उभे लागलेले असतात, ओढ त्यांच्यावर येते. गाभ्याला लांबीच नाही.

ही लांबी कशासाठी हवी ते सांगते. प्लास्टिकवर ताण आला की तो वाखाच्या अंगाला घासत त्याच्याकडं जातो. वाख पुरेसा लांब असेल तरच सगळा ताण त्याच्या अंगावर येतो. त्याहून आखूड असला की तो ताण घ्यायच्या आधीच जागेवरून सुटतो. म्हणून पळाटी दळून प्लास्टिकमध्ये टाकली तर प्लास्टिक कडक होतं, स्वस्त होतं, पण त्याला बळ येत नाही. ते नुसतं भरताड. आमच्या विद्यार्थ्यांच्या निम्म्या प्रोजेक्टांत हाच घोटाळा असायचा, सगळे पिठाच्या गिरणीतून सुरुवात करायचे.

दुसरी अडचण चिकटण्याची. वाखाला पाणी आवडतं, पीपी-पॉलिथीनला अजिबात नाही. तेलाच्या हातानं कणीक धरण्यातला प्रकार. नमुना मोडून मोडलेली कड भिंगाखाली धरा. वाख स्वच्छ, गुळगुळीत, केस उपटल्यासारखे बाहेर आलेले दिसले आणि शेजारी रिकामी भोकं दिसली, तर समजा दोघांची सोयरीक जमलीच नाही. वाख जागेवर तुटलेला आणि अंगाला प्लास्टिक चिकटलेलं दिसलं, तर जमली.

त्यासाठी वाख कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात भिजवतात, साधारण ५ टक्क्यांचं. मेण निघतं, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन सुटतं, अंग खरखरीत होतं. दोऱ्याच्या रिळावर ‘मर्सराइज्ड’ लिहिलेलं असतं ना, त्याच्याच नात्यातली प्रक्रिया. लँकेशायरच्या जॉन मर्सर यांनी ती १८४४ साली सुती कापडावर केली. शिवाय पीपीत मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पीपी दोन-तीन टक्के घालतात. ते मध्यस्थाचं काम करतं, एक टोक वाखाला धरतं, दुसरं प्लास्टिकमध्ये गुंतवतं.

कॉस्टिक घरी नको. डोळ्यात उडालं तर डोळा जातो, आणि ते धुवण शेतात सोडलं तर जमीन जाते.

खोडवा

मध्यस्थ दोन-तीन टक्क्यावर काम करतोय? आमच्याकडं मोंढ्यात आडत्याला सांगा हे.

मोंढा_नाका

@खोडवा, आलोच होतो, तेवढ्यात नाव काढलंत.

मी सरकी-ढेपेचा धंदा करतो आणि मध्ये दोन वर्षं ब्रिकेटच्या (काडीकचरा दाबून केलेल्या सरपणाच्या) कारखान्याला पळाटी पुरवली. तंतू-बिंतू मला कळत नाही, ट्रॉली कळते. ट्रॉली शिगोशिग भरलेली दिसते, रस्त्यावरून जाताना वायरींना लागते, आणि काट्यावर घेतली की वजन काहीच नाही. तुम्ही हवा वाहून नेता. पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढून आणली की डिझेल पळाटीपेक्षा महाग. म्हणून जागेवरच कुट्टी करावी लागते. आणि कुट्टी केली की ताईंचा लांब वाख गेला.

दुसरं, पळाटी येते जानेवारी ते मार्च. कारखाना चालतो बारा महिने. नऊ महिन्यांचा माल कुठं ठेवणार? आमच्या ढिगाला एका साली खालून वाळवी लागली, एका साली अवकाळीनं बुरशी आली, आणि तिसऱ्या सालाची वेळ आली नाही, मी बंदच केलं.

भाच्याला निराश करायचं नाही. पण ‘फुकटचा कच्चा माल’ हे दोन शब्द प्रोजेक्टातून काढून टाकायला सांगा. शेतात फुकट असतो, फाटकावर नाही.

गोदाकाठची_मी

ऊसवाल्यांचं बरं आहे मग, बगॅस आपोआप कारखान्यातच पडतो.

मोंढा_नाका

ताई, तो टाकाऊ राहिलाच कुठं? उसाच्या वजनाच्या पावणेतीन-तीन हिस्से बगॅस निघतो, दहातले, आणि तो सगळा बॉयलरला. त्यावर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मिती असली तर उरलेली वीजही विकतात. त्यांच्याकडून बगॅस मागायचा म्हणजे सरपणाच्या भावाशी स्पर्धा.

निवृत्त_ग्रामसेवक

चर्चा उत्तम. मला एका गोष्टीची मौज वाटते. याला नवीन तंत्रज्ञान म्हणतात, पण आमचं निम्मं आयुष्य अशाच कॉम्पोझिटात (दोन वस्तू मिसळून केलेल्या मालात) गेलं.

औसा तालुक्यात आमचं माळवदाचं घर. पुढच्या भिंती पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या (कच्च्या विटांच्या), पण मागची गोठ्याची भिंत कुडाची. तुराट्या उभ्या रोवायच्या, आडव्या कांबींना पऱ्हाटीच्या ओल्या सालीनं बांधायच्या, आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीचा गिलावा. गिलाव्याची माती आठ दिवस भिजत ठेवून तीत गव्हाचा भुसा तुडवायचा. भुसा नसला की भिंत वाळताना तडकते. आजी मूठभर चिखल हातात घेऊन तोडून बघायची, आणि तुटताना भुशाची काडी चिखलातून अलगद सुटून आली तर म्हणायची, “अजून मुरला नाही, तुडवा.” तंतुवाद्य ताईंनी वर भिंगाखालची जी परीक्षा सांगितली ती वाचताना आजीचा चिखलानं भरलेला अंगठा आठवला.

ती कुडाची भिंत १९९३ च्या भूकंपात उभी राहिली. भेंड्यांची पडली. आमच्या घरी जीवितहानी झाली नाही, किल्लारीकडच्यांचं नशीब एवढं नव्हतं.

तंतुवाद्य

काका, काय लिहिलंत. कूड हलका आणि लवचिक, तो हलतो पण ढासळत नाही.

उस्मानपुरा_चहा

कापसाच्या टाकाऊ मालाची तर अख्खी मोटार होती. पूर्व जर्मनीची ट्रबांट. १९५७ ते १९९१, तीसेक लाख गाड्या निघाल्या. पत्र्याची टंचाई, म्हणून अंगावरचे भाग ड्युरोप्लास्टचे, म्हणजे सोव्हिएत रशियातून येणारा कापसाचा वेस्ट आणि फिनॉलचं रेझिन, दाबून तापवून. लोक चेष्टेनं पुठ्ठ्याची गाडी म्हणायचे. आणि हेन्री फोर्डनं १९४१ साली सोयाबीनची गाडी केली होती, लातूरकरांनी छाती फुगवावी.

तंतुवाद्य

ट्रबांटचं बरोबर, फक्त आतला सांगाडा पोलादीच होता. फोर्डच्या गाडीबद्दल जपून. एकच गाडी होती, ती ऑगस्ट १९४१ मध्ये डिअरबॉर्नला दाखवली, आणि तिच्या पॅनेलांत नक्की काय-काय होतं याची कृती शिल्लक नाही. सोयाबीनसोबत इतरही तंतू आणि रेझिन होतं असं सांगतात. ‘सोयाबीनची गाडी’ हे नाव चिकटलं.

खोडवा

लातूरकर छाती फुगवणार नाहीत. सोयाबीनचा भाव बघून हवाच निघाली आहे.

काळी_आई

मला या धाग्याचा सूर पटत नाही.

पळाटी टाकाऊ कोणी ठरवली? मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच तळाला गेलाय. तुम्ही कापूस नेता, सरकी नेता, आता काडीही नेणार. हेक्टरी दोन-तीन टन काडी निघते. ती श्रेडरनं बारीक करून, शेण आणि युरियाचं पाणी मारून कुजवली तर तुमच्याच रानात परत जाते. मी चार वर्षं करतोय. पहिल्या वर्षी वैताग आला, कारण पळाटीत कर्ब भरमसाठ आणि नत्र नावाला, कुजायला सोयाबीनच्या भुसकटाच्या दुप्पट वेळ घेते. आता खड्डा पावसाळ्याआधी भरतो, दिवाळीनंतर उघडतो.

आणि प्लास्टिकमध्ये घातलेली काडी पुढं काय होणार? कुजणार नाही, कारण अंगावर प्लास्टिक आहे. भंगारवाला घेणार नाही, कारण आत काडी आहे. उस्मानपुरावाल्यांनी ट्रबांट सांगितली, ती बंद पडल्यावर त्या ड्युरोप्लास्टचं काय करायचं हा प्रश्न तिथंही पडलाच ना? दोन चांगल्या वस्तू घेऊन एक न मरणारी वस्तू करायची, याला मी शहाणपण म्हणत नाही.

वाळूज_शिफ्ट_बी

@काळी_आई, अर्धं मान्य. ड्युरोप्लास्ट थर्मोसेट आहे, एकदा शिजलं की पुन्हा वितळत नाही, पोह्याचा पापड जसा परत पोहे होत नाही. पीपी-पॉलिथीनचं तसं नाही. आमच्या ट्रायलचे खराब पीस आम्ही क्रशरला घालून पुन्हा मशीनला लावले होते. दर फेरीला वाख तुटून आखूड होतो, बळ उतरतं, पण फेकावं लागत नाही.

काळी_आई

तुमच्या शेडमध्ये फेकावं लागत नाही. गावात कोण क्रशर घेऊन बसलंय?

गोदाकाठची_मी

अवांतर: घर बांधताना मिस्त्रीनं डब्ल्यूपीसीच्या (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) चौकटी गळ्यात मारल्या. ‘वाळवी लागत नाही, पाण्यानं फुगत नाही, आयुष्यभर बघायला नको.’ बाथरूमच्या चौकटीला तीन वर्षं झाली, वाळवी खरंच नाही. पण दाराचा कब्जा दोनदा निखळला, स्क्रू धरतच नाही. हे पण तुमच्या या कॉम्पोझिटमधलंच का?

तंतुवाद्य

ताई, त्याच घराण्यातलं. बाजारातल्या पुष्कळ डब्ल्यूपीसी चौकटी म्हणजे फेसाळलेलं पीव्हीसी, लाकडाचा भुसा किंवा चुनखडीची पूड. वर म्हटलं तसं भरताड, लांब वाख नाही. स्क्रूला पकडायला दोराच नाही. लांब स्क्रू वापरा, आणि कडेला अगदी टोकावर मारू नका.

गोदाकाठची_मी

आमचा मिस्त्री टोकावरच मारतो. धन्यवाद. 🙏

केळीच्या खांबाचं राहिलं हं.

तंतुवाद्य

केळीचा वाख पळाटीपेक्षा सरस, लांब आणि चिवट. सोपटं (खांबाचे पापुद्रे) रासपॅडोर नावाच्या यंत्रात घातली की फिरती पाती गर खरवडून काढतात आणि हातात ओला रेशमासारखा झुपका राहतो. बघायला फार छान दिसतं. पण खांबात नव्वद टक्क्यांवर पाणीच. शंभर किलो खांबामागं कोरडा वाख किलो-दीड किलो आला तरी समाधान मानायचं. बाकी पाणी आणि चोथ्याचं काय करता यावर धंदा उभा राहतो किंवा पडतो. नवसारीच्या कृषी विद्यापीठानं त्या पाण्याचं द्रवखत करण्यापर्यंत काम नेलंय.

आणि पळाटीबद्दल एक सांगायचं राहिलं. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं, म्हणजे सिरकॉटनं, पळाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र बसवलेलं आहे. त्यात गाभाही चालतो, वाख वेगळा करायची कटकट नाही. रेझिनची गोंद लावून गरम प्रेसमध्ये दाबायचं. मागणी फर्निचरची. मला विचाराल तर पळाटीचा जवळचा रस्ता हा. भाच्याच्या प्रोजेक्टचा रस्ता लांबचा आहे.

संपादक

धागा चौकट, मोटार आणि आडत्यांच्या कमिशनमधून फिरून आला आहे. मूळ विषयावर राहिल्यास बरे. भूकंपाबद्दल वेगळा धागा आहे, तिथे जरूर लिहावे.

खोडवा

संपादकांनी दोन-तीन टक्के मध्यस्थी केली.

बांधावरून

मंडळी, दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. पळाट्या पेटवल्या नाहीत. निम्म्या काळी_आई म्हणाले तशा खड्ड्यात घातल्या, श्रेडर भाड्यानं आणून. बाकीच्यांचा उद्योग सांगतो.

वाळूजवाल्यांचं तापमानाचं वाचून भाच्याच्या डोक्यात आलं, की प्लास्टिक विकत कशाला आणायचं? बांधावर पळाटीच्या ढिगाशेजारीच ठिबकच्या जुन्या लॅटरलची (बारीक नळ्यांची) भेंडोळी पडली होती, पाच-सहा वर्षांची, क्षारानं बुजलेली. ते पॉलिथीन, १२०-१२५ अंशांना वितळतं. म्हणजे बैलगाडीला बोळ नाही, चांगला गाडीरस्ता मिळाला.

पळाट्या वाळण्याआधीच साठ-सत्तर झाडं हौदात बुडवून ठेवली होती. सोळा दिवसांनी साल हातानं सुटली. वास असा, की शेजारी निरोप पाठवून विचारू लागले कोण मेलंय. वाख धुऊन, विंचरून, उन्हात आणि मग आईच्या परवानगीनं पापडाच्या डब्याशेजारी माळ्यावर वाळवला. त्यातला निम्मा भाच्यानं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन कॉस्टिकमध्ये धुऊन आणला. घरी नाही, ताईंचं ऐकलं.

लॅटरल उभी चिरली, क्षार घासून काढला, सपाट पट्ट्या केल्या. पट्टी, वर वाख, वर पट्टी, पुन्हा वाख, पुरणपोळीसारखं. आणि दाबायला बहिणीचा रोटीमेकर. (बहीण लग्नाला गेली होती.)

चार नमुने केले. नुसती लॅटरल, कच्चा वाख घातलेली, कॉस्टिकनं धुतलेला वाख घातलेली, आणि गाभ्याचा भुगा घातलेली. ओसरीच्या कट्ट्यावर एक टोक दगडानं दाबलं, दुसऱ्या टोकाला बादली टांगली आणि तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं. नुसती लॅटरल दोन तांब्यांत जिभेसारखी लोंबली. भुग्यावाली बराच वेळ ताठ राहिली आणि मग खारीसारखी कटकन मोडली. कच्च्या वाखाची सात तांबे, मग हळूहळू फाटली, आणि तुटलेल्या कडेला वाख अगदी उपटल्या केसासारखे, गुळगुळीत. धुतलेल्या वाखाचीनं अकरा तांबे घेतले. कड बघितली तर वाख आखूड तुटलेले, अंगाला काळं प्लास्टिक चिकटलेलं. ग्रामसेवक काका, तुमच्या आजीला दाखवायला पाहिजे होती.

मग पाण्याची परीक्षा. ओळखीच्या सराफाकडं काट्यावर तुकडे तोलून घेतले, तो म्हणाला हे कुठलं सोनं. रांजणात दहा दिवस बुडवले, पुसून पुन्हा तोलले. नुसत्या लॅटरलचं वजन जसंच्या तसं. वाखवाल्यांचं वाढलं, कच्च्याचं जास्त. आणि जिथं कापलं होतं तिथल्या कडा बोटाला फुगीर लागतात.

वाळूज_शिफ्ट_बी

शाबास भाच्या! कडा उघड्या ठेवायच्या नसतात, तिथून वाख पाणी ओढतो, वातीनं तेल ओढावं तसं. साच्यातच कड बंद होईल असं करायचं. आणि वाख सगळा उभाच लावला होता का? नमुना आडवा धरून वाकवून बघा.

बांधावरून

बघितला. आडवा धरला तर पहिल्याच तांब्याला वाखाच्या रेषेवर चिरला.

वाळूज_शिफ्ट_बी

म्हणजे बाज विणतात तसं करा. एक थर उभा, एक आडवा. उभा-आडवा केला की अकरा तांब्यांचे थोडे कमी होतील, पण दोन्हीकडून सारखं धरेल. पुढच्या खेपेला जमलं तर संभाजीनगरला सिपेटमध्ये (प्लास्टिकची सरकारी संस्था) रीतसर चाचणी करून घ्या. तांब्यांवर गिऱ्हाईक ऑर्डर देत नाही.

मोंढा_नाका

आणि साठ-सत्तर झाडांतून वाख किती निघाला ते लिहिलं नाही तुम्ही.

बांधावरून

विचारणार हे ठाऊक होतं. एक लहान पिशवी. दोन माणसं, सोलायला-धुवायला दीड दिवस. रोजगार धरला तर त्या पिशवीपेक्षा बहिणीचा रोटीमेकर स्वस्त.

तंतुवाद्य

दादा, आता एक सुचवू? तुम्ही जो हौदातला वास सोसला तो आपल्याकडं नवा नाही. पूर्वी ओढ्यात अंबाडी भिजत घालायचे तो हाच वास. कासरे, दावी, चऱ्हाटं सगळी अंबाडीच्या वाखाची. कापूस, भेंडी, अंबाडी एकाच कुळातली, म्हणून पळाटीची साल सुटते तशीच. पण अंबाडी वाखासाठीच वाढते, सरळ सोट, आणि वाख पळाटीच्या कितीतरी पट. तुमचा भाचा ज्या मोटारींच्या दाराबद्दल सांगतो, त्यांत जवस, ताग यांच्या जोडीला केनाफ असतो. केनाफ म्हणजे आपली अंबाडीच.

निवृत्त_ग्रामसेवक

नायलॉनची दोरी आली आणि पाच-सात वर्षांत गावातून अंबाडी गेली. आता भाजीला मिळाली तर मिळाली.

काळी_आई

पण मग ते टाकाऊ राहिलं नाही. अंबाडी पेरली की ते पीकच झालं, तिला रान लागणार.

तंतुवाद्य

बांधाच्या कडेनं दोन तास (ओळी) टाकले तरी प्रयोगापुरती होते. दाट पेरा, म्हणजे फांद्या फुटत नाहीत. फुलावर आली की कापा, बी धरल्यावर वाख राठ होतो.

बांधावरून

यंदा जूनला टाकतो दोन तास. बी कुठं मिळेल? दुकानात विचारलं तर पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं.

गोदाकाठची_मी

आमच्याकडं आहे गावरान. सासूबाई दरसाल धरतात. नांदेडकडं येणार असाल तर शेर-दोन शेर देते. पाला तेवढा फेकू नका, कण्या घालून भाजी करा.

बांधावरून

ताई, पाला आईच्या वाट्याचा, वाख भाच्याच्या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येतो.

खोडवा

समदं झालं. रोटीमेकरचं काय झालं ते कुणी विचारीनाच.

बांधावरून

बहिणीनं लग्नाहून आल्या-आल्या वास ओळखला. नवीन आणून दिला. जुना तिनं भाच्याच्या खोलीत ठेवलाय, वर कागद चिकटवून, ‘प्रोजेक्ट. चपातीला हात लावू नये.’